द्राक्षरसाचं कोकम झालं तो रविवार

मी फ्रिज बोलतोय, आणि आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. शपथेवर सांगितलं असतं, पण मी ज्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या लोकांच्या, स्वयंपाकघरात उभा आहे तिथे शपथ वाहत नाहीत. हो तर हो, नाही तर नाही, एवढ्यावर भागवतात. तर, हो. सगळं खरं.

माझा जन्म अलास्कात झाला. वडील हिमनग, आई चांगल्या घराण्यातली बर्फाची पेटी. लहानपणी मी पांढऱ्या अस्वलांच्या पिल्लांशी कुस्ती खेळायचो. एकदा तर एक अख्खा सील मासा माझ्या भाजीच्या कप्प्यात...

बरं, राहू दे. अलास्का नाही. कुठल्याशा कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर, माझ्यासारख्याच भावंडांच्या लांबलचक रांगेत मी जन्मलो, आणि जग पहिल्यांदा पाहिलं ते डॅलसजवळच्या एका दुकानाच्या काचेतून. अस्वलं तेवढी सोडा. पुढचं सगळं खरं आहे.

मला विकत घेतलं प्लेनोच्या गायकवाडांनी. जगन्नाथकाका मूळ नगरचे. पुण्यात नोकरी केली, मग वर्क व्हिसावर इकडच्या टेलिकॉम कंपनीत आले आणि इकडचेच झाले. शोभनाकाकूंचे वडील नगरकडे पाळक होते, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. त्यामुळे काकूंची पाठ अजून चर्चच्या बाकासारखी ताठ आहे, आणि रविवारी कोण कितव्या गाण्याला येऊन बसलं हे त्यांना मागे वळून न बघता कळतं.

पण माणूस म्हणून जीव मोठा. युनिव्हर्सिटीत पुण्या-मुंबईकडचं नवीन पोर आलं की त्याला विमानतळावरून आणायला काकू, पहिलं गरम जेवण द्यायला काकू, उशा-चादरी द्यायला काकू. आणि नंतर "काय रे, रविवारी झोपा काढतोस का?" असं फोनवर विचारायलाही काकूच.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा एक गोष्ट शिकलो. आपल्या लोकांच्या फ्रिजमध्ये कुठल्याच डब्यावर विश्वास ठेवायचा नाही. दह्याच्या डब्यात डाळ असते, आइस्क्रीमच्या डब्यात मटणाचा रस्सा असतो, आणि लोणच्याच्या बरणीत लोणचं सोडून काहीही असतं. रिकामी बाटली टाकली तर काकूंच्या पोटात दुखतं. धुवायची, उन्हात वाळवायची, नवं काहीतरी भरायचं. ओळखायला गळ्याला रबर लावायचं. मी इतकी वर्षं पाहतोय, वरच्या चिठ्ठीवरून आतलं ओळखायला गेलेला माणूस हमखास तोंड पोळून घेतो.

मग काकांनी मोठा, दोन दारांचा, स्वतः बर्फ पाडणारा फ्रिज आणला, आणि मी गराजमध्ये गेलो. टेक्सासमध्ये जुना फ्रिज मरत नाही, गराजमध्ये जातो. तिथे उन्हाळ्यात इतकं तापतं की मी आतून थंड आणि बाहेरून तापलेला, अगदी समिती-मीटिंगमधल्या जगन्नाथकाकांसारखा. शेवटी काकूंनाच माझी दया आली. "चर्चला देऊन टाकू या," म्हणाल्या. तसा मी इथे आलो.

चर्च आमचं नाही. एका अमेरिकन चर्चचा मागचा हॉल रविवारी दुपारी मराठी मंडळीला मिळतो. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जेवण पलीकडे द्यायची मोठी खिडकी आहे. त्या खिडकीतून मी उपासना ऐकतो, आणि इकडच्या बाजूला उपासनेनंतरचं ऐकतो. दोन्हींत फरक असतो. माणसानं फ्रिजमध्ये डोकं घातलं की तो मनातलं बोलतो, कारण आत कोणी नाही असं त्याला वाटतं.

"सामोसे विकतचे आहेत. मला तेलावरून कळतं."

"नवी गाडी घेतली म्हणे. आणि चर्चला कमाईचा दशमांश द्यायची वेळ आली की खोकला येतो."

असं बोलायचं, दूध काढायचं, दार लावायचं. दार लावताना आपटायचं.

या मंडळीत आसावरी गाणी घ्यायची. मूळची नागपूरची, इथे एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायची. आवाज असा, की ती गायला लागली की मी माझी घरघर बंद करायचो. मग एके वर्षी तिचं लग्न मोडलं. नवरा दुसऱ्या राज्यात गेला, ती यायची बंद झाली. वर्ष गेलं, आणि एका रविवारी ती एकटी परत आली, केस कानापर्यंत कापलेले, शेवटच्या रांगेत बसली.

आता तुम्हाला वाटेल, हा गप्पिष्ट फ्रिज त्या घटस्फोटाची झणझणीत गोष्ट रचणार. नाही. मी अस्वलं रचतो, सील रचतो. दुसऱ्याच्या घरात काय झालं ते रचत नाही. मी चर्चचा फ्रिज आहे, तिच्या घरचा नव्हे. मला काहीच ठाऊक नव्हतं. मंडळीतल्या बऱ्याच जणांना मात्र सगळं ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक होतं.

ती आल्यावर थोड्याच दिवसांनी काकूंनी तिला माझ्यासमोरच गाठलं.

"आसावरी, रागावू नकोस. पण प्रभुभोजन सध्या घेऊ नकोस."

प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून घ्यायचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा चिमुकला प्याला.

"पाळकसाहेब म्हणाले का तसं?"

"ते काय म्हणणार, ते मऊ आहेत. मी म्हणतेय. लोकांची मनं दुखतात. आधी तुझं काय ते मार्गी लागू दे."

"माझं मार्गी लागलंय काकू. कोर्टाचे कागद आलेत."

"तेच तर म्हणते मी."

आसावरीने माझ्या दारावरचा तिरका चुंबक सरळ केला. मग म्हणाली, "बरं. मी चहा बघते."

तेव्हापासून पहिल्या रविवारी पलीकडे प्रभुभोजन सुरू झालं की आसावरी इकडे शेगडीपाशी उभी राहायची. मोठ्या पातेल्यात सगळ्या मंडळीचा चहा. खिडकीतून ट्रे फिरताना दिसायचा. तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला की ती पाठ फिरवून साखर ढवळायची. साखर विरघळून गेली तरी ढवळत राहायची.

एकदा पाळकसाहेब आत डोकावले. "तू इथे का? अगं, प्रभुभोजनाचं मेज माझं नाही, मी कुणाला उठवणारा कोण?"

"चहा उतू जातो, पाळकसाहेब," ती म्हणाली.

आता एक गुपित. शोभनाकाकूंना दिसत नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण दोन हातांपलीकडे सगळं धुकं. मला आधी कळलं, कारण त्या नाक टेकेपर्यंत आत यायच्या आणि बाटल्यांचे वास घ्यायच्या. एकदा चहात दुधाऐवजी ताक गेलं, तेव्हा "दूधच नासकं" म्हणून दुकानाला शिव्या घातल्या. दुकान बिचारं निर्दोष. काकांनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. प्लेनोत गाडी चालवणं सुटलं की माणूस घरात बसला. मग पोरांना विमानतळावरून आणणार कोण? मीही कुणाला सांगितलं नाही. मला तोंड आहे, पण ते फक्त उघडतं आणि मिटतं.

तर तो रविवार. ऑक्टोबर लागला तरी ऊन हटत नव्हतं. त्या दिवशी जेवणानंतर समितीची बैठक होती, आणि विषय एकच: यंदा नाताळची गाणी आसावरीने घ्यायची की नाही. खरा प्रश्न गाण्यांचा नव्हताच. ती आता आपली की नाही, हे ठरायचं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. तरी तिने सगळ्यांसाठी कोकम सरबत करून आणलं होतं, जिरं आणि मीठ घालून. कशात? द्राक्षरसाच्या धुतलेल्या बाटलीत. आणखी कशात आणणार!

"काकू, इकडे बघा. हे कोकम आहे, बाटली ज्यूसची आहे. गळ्याला लाल रबर लावलंय. ज्यूसची खरी बाटली ती शेजारी."

काकूंनी बघितल्यासारखं केलं. "तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून प्याले भरतेय मी. शिकवू नकोस."

आसावरी दुधाचे कॅन आणायला गाडीकडे गेली. काकूंनी माझं दार उघडलं, हात घातला आणि कोकमाची बाटली काढली. मी आटोकाट प्रयत्न केला, बरं का! घरघरलो, थरथरलो, दिवा तीनदा लुकलुकवला. काकू म्हणाल्या, "मेला आता म्हातारा झाला," आणि एकेक प्याला बोटाने चाचपत सगळा ट्रे भरला.

उपासना झाली. त्या दिवशी पाळकसाहेब दुसऱ्याचे दोष काढण्यावर बोलले, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. सगळ्यांनी माना डोलावल्या, आपापल्या शेजाऱ्याकडे बघून. मग ट्रे फिरला. शांतता. सगळ्यांनी एकदम प्याले ओठांना लावले.

पहिली आली ती कुशची कुजबुज. कुश पंधरा वर्षांचा, यंदाच प्रभुभोजन घ्यायला लागलेला. "मॉम, इज दिस जिरा?"

त्याच्या आईने, उत्तराने, त्याला चिमटा काढला, पण तिचाही चेहरा आंबट झाला होता. रांगेरांगेतून डोळे विस्फारत गेले. एका आजोबांना ठसका लागला. जगन्नाथकाका तेवढे ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "छान आहे की!"

पाळकसाहेबांनी प्रार्थना शांतपणे पुरी केली आणि म्हणाले, "येशूच्या हातून काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला. आज प्लेनोत द्राक्षरसाचं कोकम झालं. प्रभू हसला असेल. आपणही हसू या."

काही जण हसले. पण स्वयंपाकघरात आलेल्यांपैकी कोणी हसत नव्हतं.

"कोकम कोणी आणलं होतं?" उत्तराने विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

"मी," आसावरी म्हणाली.

"आणि प्रभुभोजनाच्या वेळी किचनमध्ये कोण असतं?"

"मी."

"मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण यार, ज्याला त्या मेजाची किंमतच नाही, त्याच्या हातून असंच होणार ना? आणि आपण हिला नाताळची गाणी देणार?"

काकू मध्ये उभ्या होत्या, दोन हातांत दोन बाटल्या घेऊन. एक नाकाशी नेली, वास घेतला. मग दुसरी नेली. "मी तर ज्यूसचीच घेतली होती," त्या म्हणाल्या, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. "तू बाटल्या बदलल्यास का गं?"

आसावरीने काकूंकडे बघितलं. त्या बाटल्यांकडे बघत नव्हत्या, हुंगत होत्या. मला जे कळायला बरेच दिवस लागले, ते तिला त्या एका क्षणात कळलं.

लाल रबर अजून बाटलीच्या गळ्याला होतं. तिने एवढंच म्हणायचं होतं: "काकू, मी सांगितलं नव्हतं का? हे बघा रबर." चार शब्दांत ती सुटली असती, आणि जिने तिला मेजावरून उठवलं ती सगळ्यांसमोर उघडी पडली असती. मी तिच्या जागी असतो तर दार सताड उघडून आतलं सगळं दाखवलं असतं.

तिने पुढे होऊन काकूंच्या हातातली बाटली घेतली. घेता घेता अंगठ्याने रबर हळूच वर सारलं आणि स्वतःच्या मनगटात सरकवलं.

"दोन्ही शेजारी शेजारी मी ठेवायला नको होत्या," ती म्हणाली. "चुकलं."

हे खोटं नव्हतं, बघा. अख्खं खरंही नव्हतं. अर्धं खरं सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, पण इतकं सुंदर अर्धं मला आजवर जमलेलं नाही.

"बघा, कबूलच केलं," उत्तरा म्हणाली.

बैठकीच्या आधी आसावरीने सगळ्यांना चहा दिला. काकूंचा कप तिने त्यांच्या हातात नीट बसवला, बोटं कपाभोवती मिटून दिली. तेव्हा काकूंची बोटं तिच्या मनगटावरून फिरली आणि थांबली.

"हे काय गं?"

"रबर. केस बांधायला."

काकूंनी दुसरा हात वर नेला, तिच्या कानापाशी कापलेल्या केसांवरून फिरवला. बांधण्यासारखं तिथे काही नव्हतं. काकू चहा तसाच धरून हॉलमध्ये जाऊन बसल्या.

आणि मग बैठकीत काय झालं म्हणता! नाताळचा विषय निघाला तशा काकू ताडकन उठल्या. म्हणाल्या, "मंडळी, हिच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाले होते मी, आणि माझ्याच डोळ्यांत मुसळ!" असं म्हणून भर हॉलमध्ये त्यांनी आसावरीपुढे गुडघे टेकले. सगळे रडले. उत्तरा सगळ्यांत जास्त रडली. काकांनी पेपर नॅपकिनचा गठ्ठा संपवला. मला तर इतकं भरून आलं की माझ्या फ्रीझरमधला सगळा बर्फ पाझरला आणि ओहोळ वाहत वाहत पाळकसाहेबांच्या बुटांपर्यंत...

थांबा.

असं काही झालं नाही.

इथवर आलाय तर खरं सांगतो. प्रवचनही कुसळ-मुसळाचं नव्हतं. पाळकसाहेब त्या दिवशी यरुशलेमच्या तटबंदीवर बोलले, आणि जरा लांबलंच. मी दिवाही लुकलुकवला नाही. माझा दिवा उन्हाळ्यातच गेलाय. कोणी बदललेला नाही. बैठकीत काकू उठल्या नाहीत, एक शब्द बोलल्या नाहीत. चहा निवला. शेवटी "पुढच्या महिन्यात बघू" असं ठरलं, कारण आपल्या समित्यांना तेवढं नक्की ठरवता येतं. आसावरी मनगटात रबर घेऊन घरी गेली.

खरं घडलं ते पुढच्या महिन्यात, आणि ते इतकं छोटं होतं की मला सांगायला लाज वाटत होती. म्हणून ते गुडघे टेकणं रचलं.

पहिल्या रविवारी दाराबाहेर आवाज आला, "काकू, पायरी आहे." काकू आसावरीच्या गाडीतून आल्या होत्या. आत आल्या, पर्स ठेवली, उत्तरा प्रभुभोजनासाठी पाव कापत होती तिच्या दिशेने तोंड केलं, जरा चुकीच्या दिशेने, आणि म्हणाल्या,

"गेल्या वेळी कोकम मी ओतलं. मोतीबिंदू आहे मला, दोन्ही डोळ्यांत. हिने मला आधी सांगितलं होतं, रबरही लावलं होतं. मग तुमच्यासमोर लपवलं, माझ्यासाठी. आता बघत बसू नका, पाव वाळेल."

उत्तराची सुरी तशीच राहिली. काकूंनी ट्रे पुढे सरकवला. "आसावरी, तू भर प्याले."

तिने भरले. पलीकडे गाणं सुरू झालं, आणि सवयीने ती शेगडीकडे वळली. काकूंनी तिला कोपराने बाजूला केलं.

"चहा मी बघते. तू जा तिकडे."

"काकू, तुम्हाला दिसत नाही."

"ऐकू येतं. जा."

ती गेली. काकू एकट्या शेगडीपुढे उभ्या राहिल्या, खिडकीकडे पाठ करून, पळी घट्ट धरून. पलीकडे ट्रे फिरत होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि तिथून परत फिरायच्या ऐवजी खिडकीपाशी आला. आसावरीने आत हात घालून भाकरीचा तुकडा आणि एक प्याला काकूंच्या हातात ठेवला.

"द्राक्षाचाच आहे," ती हळूच म्हणाली.

काकूंनी आधी वास घेतला. मग दोघी हसल्या, आवाज न करता, आणि काकूंनी डोळे मिटून प्याला घेतला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात चहा उतू गेला. भसाभस, अर्धं पातेलं, शेगडीवर, जमिनीवर, काकूंच्या चपलेवर. उत्तरा धावत आली. तिने दुधाळ पसाऱ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मग फडकं घेऊन खाली बसली आणि पुसू लागली. त्या दिवशी सगळ्यांना अर्धा अर्धा कप चहा मिळाला, आणि कोणी म्हणून काही बोललं नाही. कुशसुद्धा नाही.

काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन थँक्सगिव्हिंगनंतर आहे. नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू झालाय, तो आसावरी घेते, आणि मी माझी घरघर बंद ठेवतो. तसंही माझ्यात आता फार घरघर उरलेली नाही. अमेरिकन चर्च हे स्वयंपाकघर नवं करणार आहे, उन्हाळ्यापर्यंत मला कोणीतरी ढकलत बाहेर नेईल. जाण्याआधी एवढंच मागणं: नवा फ्रिज येईल, त्याच्यातही तुम्ही ज्यूसच्या बाटलीत कोकम ठेवाल, ठेवा. पण दार उघडून कोणी काय कुठे ठेवलं हे बघत उभे राहू नका. दार फार वेळ उघडं राहिलं की आतलं चांगलंही नासतं. आणि लावताना आपटू नका.

अलास्का मी रचली. दिवा, प्रवचन, टेकलेले गुडघे आणि पाझरलेला बर्फ मी रचला. उतू गेलेला चहा खरा आहे. शेगडीखाली वाकून बघा, उत्तराचं फडकं पोचलं नाही तिथे डाग अजून आहे.